प्रेक्षकाचा धर्म

अमेरिकेत मार्च महिना सरता सरता बेसबॉलचा हंगाम सुरू होतो, आणि सप्टेंबर संपेपर्यंत तेथील सर्वोच्च दर्जाच्या प्रत्येक संघास १६२ सामने खेळावे लागतात. हा पल्ला किती लांबचा आहे, हे तेथील प्रत्येक रसिकास ठाऊक असते. तरीही पहिले आठ-दहा सामने झाले न झाले तोच मैदानाच्या पायऱ्यांवर, उपाहारगृहांत आणि घरोघर निवाडे सुरू होतात. अमक्याचा हात आता उतरला; तमक्याला एवढे वेतन उगाच दिले; हा नवा पोरगा मात्र मोठे नाव काढणार! प्रत्येक निवाड्याच्या पाठीशी एक आकडा उभा असतो, आणि तो बहुधा खोटा नसतो. आकडा खरा आणि त्यावरून दिलेला निर्णय मात्र अन्यायाचा, असे का व्हावे, या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. प्रश्न खेळाच्या निमित्ताने उभा राहिला असला, तरी तो नीतीचा आहे. एका माणसाने दुसऱ्याची योग्यता कशावरून ठरवावी, एवढेच त्यात विचारलेले आहे.

चेंडूफळीच्या खेळात जे स्थान गोलंदाजाचे, तेच बेसबॉलमध्ये पिचरचे. सामन्यात प्रत्येक पक्षास नऊ डाव मिळतात. म्हणून दर नऊ डावांमागे त्याने किती धावा दिल्या, यावरून त्याची सरासरी काढितात. सहकाऱ्यांच्या ढळढळीत चुकांमुळे झालेल्या धावा तेवढ्या वगळितात. आता समजा, हंगामाच्या पहिल्याच दिवशी एका पिचरने दोन डावांत सहा धावा दिल्या. त्याची सरासरी २७ झाली! पुढच्या खेपेस त्याने सात डाव टाकून एकही धाव दिली नाही. सरासरी ६ वर आली. तिसऱ्या खेपेस नऊच्या नऊ डाव कोरे गेले. ती ३ झाली. पिचरची पाळी साधारणतः पाच दिवसांनी येते. म्हणजे दहा-बारा दिवसांत एकाच माणसाचा हिशेब सत्तावीसवरून तीनवर आला. माणूस काही इतका बदलला नाही, भाजक बदलला. हाच गडी वर्षअखेर १८० डावांत ६० धावा देऊन थांबला, तर त्याची सरासरी ३ राहील. आणि तो पहिला अपशकुनी दिवस हिशेबातून अजिबात वगळला, तरी ती सुमारे २.७३ होईल. एप्रिलमध्ये जो दिवस डोंगराएवढा दिसला, तो सप्टेंबरात टेकडीएवढाही उरत नाही.

स्तुतीचीही हीच गत आहे. ४ एप्रिल १९९४ रोजी हंगामाच्या आरंभीच शिकागो कब्ज संघाच्या टफी ऱ्होड्सने ड्वाइट गुडन या नामांकित पिचरचे चेंडू तीन वेळा कुंपणापलीकडे धाडून तीन होम रन केले. त्या दिवशी त्याच्याविषयी जे बोलले गेले असेल, त्याची कल्पना वाचकांनीच करावी. त्या संबंध वर्षात त्याचे होम रन झाले अवघे आठ. आणि अमेरिकेच्या सर्वोच्च दर्जाच्या खेळातील त्याची सारी कमाई तेरावर थांबली. तेव्हा पहिला निवाडा फिरवून दुसरा देण्यात आला असल्यास नवल नाही: हा एका दिवसाचा राजा होता. पुढे तो जपानात गेला. तेथे २००१ साली त्याने एकाच हंगामात ५५ होम रन करून सादाहारू ओह याच्या १९६४ च्या विक्रमाची बरोबरी केली, आणि तेथील कारकीर्दीत एकंदर ४६४ होम रन केले. माणूस एकच, परंतु त्याच्याविषयीचे दोन्ही घाईचे निर्णय कच्चे ठरले.

यावर कोणी म्हणेल की, मग हंगाम पुरा होईपर्यंत थांबावे, म्हणजे झाले. परंतु काळाने आकडा मोठा होतो. तो न्याय्य होतोच असे नाही. प्रत्येक सामन्याचा जय एका पिचरच्या आणि पराजय दुसऱ्या पिचरच्या नावे मांडण्याची तेथे जुनी रीत आहे. वस्तुतः जयासाठी धावा लागतात, आणि त्या काढणे हे मुख्यतः इतरांचे काम. १९८७ साली ह्यूस्टनच्या नोलन रायनची सरासरी २.७६ होती, त्याच्या लीगमध्ये ती सर्वांत उत्तम ठरली. परंतु त्याच्या नावे जय मांडले गेले आठ आणि पराजय सोळा. क्रीडापत्रकारांच्या मतांनी दिला जाणारा साय यंग पुरस्कार त्यास मिळाला नाही. २०१८ साली न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमची सरासरी १.७० अशी असामान्य होती. तरी त्याच्या खात्यावर जय अवघे दहा आणि पराजय नऊ. पुरस्कार मात्र त्यालाच मिळाला. या एकतीस वर्षांत पाहणाऱ्यांचा डोळा बदलला होता.

तो बदलण्याचे मोठे श्रेय बिल जेम्स या गृहस्थास आहे. कॅन्सस राज्यातील एका डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रीची रखवाली करीत असता त्याने आकड्यांचा अभ्यास केला आणि १९७७ पासून आपल्या पुस्तिका स्वतःच छापून विकल्या. त्याने आणि त्याच्या मागून आलेल्यांनी एकच प्रश्न लावून धरला: या आकड्यात या माणसाचे स्वतःचे किती? २००१ साली व्होरोस मॅक्रॅकनने तर असे दाखविले की, फलंदाजाने मैदानात टोलविलेला चेंडू झेलला जातो की निसटतो, यावर पिचरची सत्ता आपण समजतो त्याहून पुष्कळच कमी असते. गणित हे कोरडे शास्त्र खरे. पण येथे त्याने दयेचे काम केले. जे दुसऱ्याचे किंवा दैवाचे होते, ते माणसाच्या माथ्यावरून त्याने उतरविले.

कर्म आणि फल यांत भेद करण्यास गीतेने आपणांस शिकविले आहे. परंतु तो उपदेश आपण कर्त्यापुरताच समजत आलो. कर्त्याने फळाकडे डोळे लावू नयेत, हे आपणांस तोंडपाठ आहे. प्रेक्षकाने कर्त्यास केवळ फळावरून तोलू नये, हे त्या उपदेशाचे दुसरे अर्ध आपण स्वतःस क्वचितच शिकवितो. किंबहुना इतरांस आपण निष्काम होण्यास सांगतो, आणि त्यांचे मोल ठरविताना मात्र फळेच मोजीत बसतो. आमच्या मते प्रेक्षकाचा म्हणून काही धर्म असेल, तर तो हाच की, आकडा हाती घेताना दोन गोष्टी विचाराव्या: तो किती दिवसांचा आहे, आणि त्यातला किती अंश या माणसाचा आहे.

येथे एक गंभीर आक्षेप येतो. प्रेक्षकास थांबता येते. ज्याच्यावर संघ चालविण्याचा भार आहे, त्याने काय करावे? त्यास अपुऱ्या पुराव्यावरच आज कोणास तरी खेळवावे लागते आणि कोणास तरी खालच्या दर्जाच्या संघात धाडावे लागते. हे आम्हांस मान्य आहे. निर्णय टाळणे हा न्याय नव्हे. परंतु निर्णय निराळा आणि दोषारोप निराळा. १९८८ साली बाल्टिमोर ओरिओल्स संघ पहिले सहा सामने हरला, आणि व्यवस्थापक कॅल रिपकेन थोरले यांस दूर करण्यात आले. त्यांचे दोन पुत्र त्याच संघात खेळत होते. त्यांच्या जागी फ्रँक रॉबिन्सन हा एके काळचा थोर खेळाडू आला, आणि संघ आणखी पंधरा सामने ओळीने हरला! वर्षअखेर पराजय १०७ झाले. व्यवस्थापक बदलण्याचा मालकांचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. परंतु दोष त्या एका माणसाचा होता असे ज्यांनी सहा सामन्यांवरून ठरविले असेल, त्यांस पुढच्या पंधरांनी उत्तर दिले. ‘आज आम्हांस दुसरा हवा आहे,’ असे म्हणता येते. ‘तू नालायक आहेस,’ असे म्हणण्यास फार अधिक पुरावा लागतो. पहिल्या वाक्याने माणसाचे काम जाते; दुसऱ्याने त्याची अब्रू जाते.

याचा अर्थ सर्व काही दैवावर ढकलावे असाही नव्हे. आळसाने सराव न करणारा आणि सराव करूनही हरणारा यांस एकाच मापाने क्षमा करणे, हा दुसऱ्यावर अन्याय आहे. कारण तेणेकरून त्याचे श्रमही मोल गमावितात. एप्रिलमधल्या गप्पा बंद पाडाव्या असेही आम्ही म्हणत नाही. नव्या हंगामात नवी आशा बाळगणे हा रसिकाचा हक्कच आहे. २०१९ साली वॉशिंग्टन नॅशनल्स संघ मे महिन्यात १९ जय आणि ३१ पराजय अशा अवस्थेत होता. त्याच वर्षी त्याने विश्वमालिका जिंकली. मे महिन्यात ज्यांनी ‘अजून पाहू’ म्हटले, त्यांचा अंदाज खरा ठरला. परंतु तो तसा ठरला नसता, तरी त्यांचे बोलणे अयोग्य ठरले नसते.

आपल्या घरी बेसबॉल नाही. पण पहिल्या चाचणीचे गुणपत्रक घेऊन दारात उभे राहिलेले मूल आहे. त्या कागदावरचा आकडा खराच असतो. परंतु तो वाचून आपल्या तोंडून जे पहिले वाक्य निघते, ते आकड्याविषयी निघते की मुलाविषयी, हे आपल्या हाती असते. मुलाचा हंगाम अजून लांब आहे. आपली परीक्षा मात्र त्याच क्षणी होऊन जाते.