खुडावं की राखावं?

आम्हां मध्यमवर्गीयांचा खरा धर्म कोणता, असं कुणी विचारलं तर मी छातीवर हात ठेवून सांगेन : राखून ठेवणे. चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठी, पैठणी लग्नकार्यासाठी आणि नवी चादर कुणी आजारी पडून डॉक्टर घरी येतील त्या दिवसासाठी. वापरणं म्हणजे उधळणं आणि न वापरणं म्हणजे संस्कार. या धर्माची इतकी वर्षं कुणी उलटतपासणी केली नव्हती. ती माझ्या गच्चीतल्या रोमेन लेट्यूसनं केली.

हा पाला म्हणजे नक्की काय, हे भाजीवाल्या मावशींना समजावताना माझी दमछाक झाली.

"परतायचा का डाळ घालून करायचा?"

"नुसताच खायचा. कच्चा."

उद्यापासून टोपलीत पेंडही ठेवावी की काय, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. वास्तविक घराणं मोठं. रोमेनचं दुसरं नाव कॉस, ग्रीसमधल्या कॉस बेटावरून पडलेलं. सूर्यफूल आणि शेवंती हे त्याचे भाऊबंद. स्वभाव मात्र पुणेरी. ऊन वाढलं की डोकं फिरतं!

लागवड सोपी. पुण्यात दिवाळीच्या आसपास बी टाकावं. ते खोल पुरलं तर रुसतं, कारण उगवताना त्याला उजेड लागतो. वर मातीची नुसती भुरभुर पुरे. महिना-सव्वा महिन्यात पानं खुडण्याजोगी होतात, 70-75 दिवसांत उभट गड्डा भरतो. सकाळी, ऊन चढायच्या आत, बाहेरची पानं खुडावीत आणि मधला कोंब शाबूत ठेवावा. रोप पुन्हा पानं देतं. म्हणजे घेणाऱ्याला आणखी मिळतं.

आणि न घेणाऱ्याला? इथंच नीतिशास्त्र सुरू होतं. थंडी सरून दिवस मोठा झाला की रोपाला वंशाची काळजी लागते. मधून दांडा सरसर वर निघतो, कांद्याला डेंगळा येतो तसा. देठ मोडला की दुधासारखा चीक येतो (लेट्यूसचं 'लॅक्टुका' हे लॅटिन नाव त्या दुधावरूनच पडलं) आणि पानं कडूजहर होतात. आपण पान राखतो, पण ते ते पान राहतच नाही.

शेजारच्या आजोबांना मी चार रोपं दिली होती. तीन त्यांनी खाल्ली. सगळ्यांत देखणं रोप मुलासाठी ठेवलं. तो जानेवारीत अमेरिकेहून यायचा होता. तिकडे हेच खातात म्हणे! पुढे त्याचं येणं मार्चवर गेलं.

आजी रोज म्हणायच्या, "अहो, खुडा ते. कडू होईल."

"अगं, त्याच्या वाट्याचं आहे ते."

मुलगा आला तेव्हा रोप कमरेला लागलं होतं. आजोबांनी पानं धुतली, लिंबू पिळलं आणि बशी पुढे केली. मुलानं एकेक करून सगळी पानं संपवली आणि म्हणाला, "छान आहे, बाबा." पाडव्याला कडुनिंब चघळतानाही माणूस इतकं खोटं बोलत नाही.

आता यात चूक कुणाची? आजी बरोबर होत्या, हे कोणतंही बागकामाचं पुस्तक सांगेल. पण मला वाटतं, आजोबांनी ते रोप खाण्यासाठी राखलंच नव्हतं. रोज सकाळी पाणी घालताना मुलाचं येणं एक दिवसानं जवळ आलं, हे मोजायला त्यांना काहीतरी हिरवं हवं होतं. ते काम रोपानं चोख केलं. आणखी एक गोष्ट : सगळी रोपं वेळेवर खुडणारा शहाणा पुढच्या दिवाळीला बियांसाठी दुकानात उभा असतो. बी हवं तर एक रोप कडू होऊ द्यावंच लागतं. म्हणजे राखणं हे पाप नव्हे. आपण पान राखतोय की बी, एवढं मात्र माणसाला ठाऊक हवं. कपाटातल्या कपबशांना बी येत नाही!

पुढे त्या दांड्यावर पिवळी फुलं आली, मग म्हातारीसारखं पिसांचं बी धरलं. आजोबांनी ते पाखडून कागदाच्या पुडीत बांधलं आणि मला आणून दिलं. वर झरझर अक्षरात लिहिलं होतं : 'दिवाळीला पेरणे.'

मागून आजींचा आवाज आला, "या वेळी त्याचं तिकीट पाहून पेरा हो!"