एक जूनची जन्मतारीख

वारकरी माणसाला तिथी शिकवावी लागत नाही. कार्तिक वद्य त्रयोदशी म्हटली की त्याला आळंदी दिसते, फाल्गुन वद्य द्वितीया म्हटली की देहू, आणि फाल्गुन वद्य षष्ठी म्हटली की पैठणचे वाळवंट. पण ज्याला संतांच्या तिथ्या अशा मुखोद्गत, त्याच माणसाला बोरीच्या पारावर विचारा, “काय हो बाबा, तुमचा स्वतःचा जन्म कधीचा?” तो हसून म्हणतो, “एक जून!” शेजारचा म्हणतो, “माझाही एक जून.” तिसऱ्याचा तोच, आणि खरे सांगायचे तर आमचाही तोच.

परभणी जिल्ह्यातच असे आहे असे नाही, महाराष्ट्रात खेडोपाडी हेच आहे. कारण साधे आहे. शाळा जूनमध्ये उघडे. लेकराला घेऊन बाप आला की मास्तर जन्मतारीख विचारीत. बाप म्हणे, “पोळ्याच्या पुढंमागं झालं असंल जी.” पोळ्याच्या पुढेमागे हे काही रजिस्टरच्या रकान्यात बसत नाही. मग मास्तर पोराच्या अंगलटीवरून वयाचा अंदाज घेत, पहिलीला जितकी वर्षे पुरी हवीत तितकी मागे मोजीत आणि लिहीत : एक जून. सूर्य रोहिणीत असतो, मृग आठवड्यावर आलेला असतो, कुणबी पेरणीच्या घोरात असतो, अशा दिवशी मास्तरांच्या टाकाने गावेच्या गावे जन्माला आली.

आता प्रश्न असा की, ही तारीख खोटी. मग ती सांगणारा खोटे बोलतो काय? आणि ज्याला आपला जन्मदिवसच ठाऊक नाही, त्याचे काही उणे झाले काय?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. असत्याचे पाप लागते ते फसवण्याच्या हेतूने. मास्तरांचा हेतू लेकराला पाटी मिळावी एवढाच होता. शिवाय घरच्या म्हाताऱ्यांकडे खरी तारीख नसली तरी खरा काळ होता. “रझाकारीत गाव सोडून पळालो तव्हा तू अंगावर पीत होतास,” असे एखादी माय सांगे. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, त्याच्या अलीकडची ती खूण. कोणाची खूण १९७२ च्या दुष्काळाची, खडी फोडण्याच्या कामावरची. आमच्या मातोश्री सांगत, “चीनच्या लढाईनंतरचा हुरडा चालू होता.” म्हणजे १९६२ साल सरता सरता. कागदावर जून, मायच्या तोंडी हुरडा. दोन्ही आम्ही जपून ठेवले आहेत.

दुसऱ्या प्रश्नाकडे परमार्थाच्या बाजूने पाहावे. पूजेला बसताना संकल्पात आपण संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार असे एवढे मोठे कालाचे उच्चारण करतो. ते सगळे आजचे. आमच्याकडच्या संकल्पात गोत्र सांगतात, नाव सांगतात. कर्ता कोणत्या दिवशी जन्मला हे कोणी विचारीत नाही. कर्माला आजचा दिवस लागतो, जन्माचा लागत नाही.

संतांचे पाहा. माउलींचे जन्मवर्ष कोणी शके ११९३ धरतात, कोणी ११९७. तुकोबांच्या जन्मवर्षाविषयी विद्वानांची मते एकाहून अधिक आहेत. पण माउलींच्या समाधीची तिथी, शके १२१८ ची ती कार्तिक वद्य त्रयोदशी, निश्चित आहे. असे का? जन्म हा मिळालेला असतो, पुण्यतिथी कमवावी लागते. जन्मले त्या दिवशी ते ज्ञानदेव आहेत हे कोणाला कळावे? गेले त्या दिवशी जगाला कळून चुकले होते.

कोणी म्हणेल, “महाराज, रामनवमीला, गोकुळाष्टमीला आपण पाळणा हलवतोच की.” हलवतो. पण तो अवतार आहे. काय करण्यासाठी आलो हे ठरवूनच देव येतो. आपण आलो तेव्हा रडत आलो, आणि कशासाठी आलो हे पुष्कळांना साठीनंतरही उमगत नाही. नाथषष्ठीचेच घ्या. परंपरा सांगते की त्या एका तिथीला पाच पर्वे आहेत : जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला दत्तात्रेयांचा अनुग्रह, नाथांना झालेला स्वामींचा अनुग्रह, स्वामींचे निर्वाण आणि नाथांनी गोदावरीत ठेवलेला देह. पाचांत जन्म एकच. उरलेल्या चारांमुळे त्या एकाला मोल आले.

इथपर्यंत ऐकून श्रोता म्हणेल, चला, जन्मतारखेची काळजी मिटली. पण सज्जन हो, इथेच घात आहे.

आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंचा विचार करा. नामदेवरायांबरोबर आषाढ वद्य त्रयोदशीला त्याही विठ्ठलचरणी विलीन झाल्या असे संप्रदाय मानतो. त्यांच्या जन्माची तिथी मात्र कोठे नाही. गरिबाच्या घरची, तशात मुलगी. तिच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? ही तिथी वैराग्याने सुटली नाही, ती अनास्थेने सुटली. जनाबाई त्या अनास्थेवर मात करून अमर झाल्या, हा त्यांचा मोठेपणा. आपली अनास्था त्याने पुण्य ठरत नाही.

आणि आजही आपल्या आळीत एखादी जनाबाई आहेच. ती शाळेत गेली नाही, म्हणून तिला एक जूनसुद्धा मिळाला नाही. आधार कार्डावर कोणी तरी अंदाजाने वर्ष घातले. श्रावणबाळ योजनेचा पगार पासष्टाव्या वर्षी सुरू होतो. तिचे हाडन्‌हाड सत्तरीचे, आणि कागद म्हणतो बासष्ट. पंढरीला जाताना एस. टी. त पंचाहत्तरी पुरी झालेल्याला २०२२ पासून तिकीट नाही. ही तितकी म्हातारी असूनही अर्धे तिकीट काढते, कारण कागदावर ती अजून ‘लहान’ आहे. नोकरदाराचेही तसेच : एक जूनवाला एकतीस मेला घरी बसतो, मग त्याचे खरे वय काही असो. ज्या तारखेला परमार्थात किंमत नाही, ती व्यवहारात कोणाची भाकरी होऊन बसली आहे.

वेदान्त्यांनी पारमार्थिक आणि व्यावहारिक अशा सत्तेच्या पायऱ्या सांगितल्या त्या यासाठीच की वरच्या पायरीचे बोलणे खालच्या पायरीवर कोणाच्या तोंडावर मारू नये. “देह मिथ्या आहे” हे आपण स्वतःला सांगावे. भुकेल्याला सांगू नये. तसेच हे. म्हणून आमचा निर्णय असा : आपल्या जन्मदिवसाविषयी उदास असावे, दुसऱ्याच्या जन्मनोंदीविषयी उदास असू नये. सध्या चौकाचौकांत पाहावे तर नेमके उलटे. आपल्या वाढदिवसाचा फलक वेशीएवढा, आणि शेजारच्या म्हातारीचे कागद पाहायला सवड नाही!

जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या लेकराला शाळा-नोकरीसाठी जन्मदाखला हाच मुख्य आधार धरला आहे. तेव्हा पाड्यावर, ऊसतोडीच्या फडावर, कोठेही लेकरू झाले तरी त्याची, आणि मुलगी असेल तर आधी तिची, नोंद झाली की नाही हे विचारणे हीसुद्धा सेवाच समजावी.

मग एक जूनला काय करावे? गावातल्या सगळ्या एक जूनवाल्यांनी मारुतीच्या पारावर एकत्र बसावे. ज्यांनी आपल्याला अक्षर दिले त्या मास्तरांची आठवण काढावी, दोन घटका भजन करावे आणि उठताना ज्याने त्याने एकेका निरक्षर म्हाताऱ्याचे किंवा म्हातारीचे कागद हाती घेऊन ग्रामपंचायतीची, तहसिलाची वाट धरावी. फेरे पडतील, चपला झिजतील. पंढरीच्या वाटेवरही झिजतातच की.

आम्हा इतक्या जणांना मास्तरांनी एक दिवस फुकट दिला. तो कोणाच्याच जन्माचा नव्हता. आता तो कोणाच्या तरी उपयोगाचा होऊ द्यावा. असो.

रामकृष्णहरि.