रजिस्टरातलं नाव

गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेला आमच्या महिला मंडळाच्या रजिस्टरात नावं होती ११४ आणि सतरंजीवर बसलेल्या बायका होत्या १९. त्यातल्या सात तर कार्यकारिणीच्याच, म्हणजे त्यांना यावंच लागतं. अध्यक्षबाईंनी विषय काढला, "सभासद वाढवायचे कसे आणि आहेत ते टिकवायचे कसे?" मग काय, सूचनांचा पाऊस पडला. हाऊजी ठेवा. वेळेवर येणारीला बक्षीस द्या. बावनगजाला नाहीतर सिद्धवरकूटला बस न्या. एक जण म्हणाली, "अहो, भिशी सुरू करा भिशी! पैसे अडकले की बाई कुठे जात नाही." सगळ्या हसल्या, मीही हसले. मी चिटणीस, त्यामुळे सगळं वहीत उतरवून घेत होते. घरी येऊन ती वही वाचली तेव्हा जाणवलं, दीड तासात एकीनंही विचारलं नाही की ज्या येत नाहीत, त्या का येत नाहीत?

मैत्रिणींनो, आपल्याकडे 'प्रभावना' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक शास्त्रातला: आपल्या आचरणानं धर्माचा प्रभाव असा पडावा की दुसऱ्याला आपणहून जवळ यावंसं वाटावं. दुसरा रोजच्या वापरातला: प्रवचन संपलं की दाराशी हातावर पडतो तो बत्तासा, लाडू किंवा स्टीलची वाटी. "आज प्रभावना काय होती गं?" असं आपण सहज विचारतो. आम्हीही एके वर्षी नवीन सभासदाला एक स्टीलचा डबा देऊन पाहिला. त्या वर्षी ३१ नवी नावं आली. पुढच्या वर्षी त्यातल्या आठ जणींनी वर्गणी भरली. डब्यासाठी आलेल्या बायका वाईट नव्हत्या, बरं का! आम्ही त्यांना डबा दाखवला, त्या डबा घेऊन गेल्या. हिशेब चुकता झाला.

मी राहते लालबागेजवळ. होळकरांच्या त्या महालाचं मोठं फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकासारखं विलायतेत ओतवून जहाजानं आणलं होतं. बाहेरगावचे पाहुणे ते पाहायला येतात, फोटो काढतात आणि जातात. पण सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या चार-पाच जणी वर्षानुवर्षं येतात, त्या काही फाटकासाठी नाही. एक दिवस गेलं नाही तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, "काल कुठे होतात?" तेवढ्या एका प्रश्नासाठी थंडीत पांघरूण सोडून उठावंसं वाटतं. या फिरण्याला ना वर्गणी, ना रजिस्टर.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सम्यग्दर्शनाची आठ अंगं सांगितली आहेत. माहेरी सोलापूरला आजी ती आमच्याकडून पाठ करून घ्यायची. शेवटची चार अशी: उपगूहन, स्थितीकरण, वात्सल्य आणि प्रभावना. दुसऱ्याच्या उणिवा चव्हाट्यावर न आणणं म्हणजे उपगूहन. डळमळणाऱ्याला सावरून पुन्हा उभं करणं ते स्थितीकरण. वासरावर गाय करते तशी निर्व्याज माया ते वात्सल्य. आणि या सगळ्यानंतर, अगदी शेवटी, प्रभावना. लहानपणी मी हा क्रम नुसता घोकला. पन्नाशी उलटल्यावर त्याचा अर्थ कळला. आम्ही मंडळात शेवटचं अंग पहिलं धरलं होतं, आणि आधीची तीन वाटेतच सांडली होती.

कशी सांडली ते सांगते. हे सांगताना मान खाली जाते, पण सांगायलाच हवं.

आमच्या मंडळात एक काकू होत्या. नाव लिहीत नाही. दशलक्षण पर्वात दहाही दिवस त्यांचा आवाज सगळ्यात वर असायचा. त्यांची मुलगी लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आली. झालं, आमच्या बैठका सुरू होण्याआधीची पंधरा मिनिटं त्या एकाच विषयाला लागली. काय झालं असेल, चूक कुणाची असेल, आता धाकटीचं कसं होणार! बोलणाऱ्या कुणी परक्या नव्हत्या, आपल्याच. मी बोलत नव्हते, पण उठूनही जात नव्हते. एकदा काकू दारात आल्या आणि खोलीतलं बोलणं एकदम थांबलं. बोलणं थांबण्याचाही आवाज होतो. त्यांना तो ऐकू आला. त्या बसल्या, स्तवन म्हटलं, चहा न घेता गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

पुढे दोन वर्षं त्यांची वर्गणी आली नाही. आमचा नियम सरळ होता, दोन वर्षं थकबाकी असली की नाव कमी. चिटणीस म्हणून मीच पट्टी ठेवून लाल शाईनं ती रेघ मारली. रेघ अगदी सरळ आली होती.

उपगूहनाची कथा आपण सगळ्या जाणतो. जिनेंद्रभक्त शेठच्या चैत्यालयातलं रत्न ब्रह्मचाऱ्याचा वेष घेतलेल्या चोरानं पळवलं. तो पकडला गेला, तेव्हा शेठनं चारचौघांत त्याला झाकलं आणि मग एकांतात खडे बोल सुनावले. अन्याय लपवावा असा याचा अर्थ नाही. कुणी कुणाला छळत असेल तर तिथे बोललंच पाहिजे. पण काकूंच्या मुलीनं काय चोरलं होतं? झाकण्यासारखी चूकच नव्हती तिथे, होतं ते फक्त दुःख. आणि आम्ही तेच उघड्यावर मांडलं.

स्थितीकरणासाठी वारिषेणाचं नाव घेतात. श्रेणिक राजाचा हा मुलगा मुनी झाला. त्याच्यामागे त्याचा मित्र पुष्पडालही मुनी झाला, पण मन घरी, बायकोपाशी. वारिषेणानं त्याला घालवून दिलं नाही, सगळ्यांसमोर लाजवलंही नाही. त्याला आपल्या राजवाड्यात नेलं, आपण स्वतः काय सोडून आलो ते दाखवलं, आणि मित्राचं मन ठिकाणावर आलं. माझं लक्ष एवढ्याच गोष्टीकडे जातं की वारिषेण त्याच्याबरोबर चालत गेला. आम्ही काकूंच्या घरापर्यंत, चार गल्ल्या, चालत गेलो नाही.

आता कुणी म्हणेल, संस्था काय नुसत्या मायेवर चालतात? शिस्त नको? हवी ना. आमच्या इंदुरातच 'सानंद' पाहा. मराठी नाटक मुंबई-पुण्याहून इथे आणायचं म्हणजे खर्चाचं काम. सानंदनं प्रेक्षकांनाच सभासद केलं आणि त्यांचे पाच समूह पाडले. त्यांतल्या काहींना रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुझुमदार अशी इथल्याच रसिक, कलावंत मंडळींची नावं दिली. आलेल्या नाटकाचे प्रयोग प्रत्येक समूहासाठी वेगळे होतात. सभासदाला आपला समूह ठाऊक असतो, आपली वेळ ठाऊक असते, आणि दिलेला शब्द पाळला जाणार याची खात्री असते. बक्षिसापेक्षा या खात्रीला माणूस जास्त धरून राहतो. शिवाय आपण आलो नाही तर आपली खुर्ची रिकामी दिसेल, ही जाणीवही असते.

दुसरं उदाहरण लिज्जत पापडाचं. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. आज तिथे हजारो बहिणी आहेत. तिथे प्रत्येक सभासद मालकीण असते, नफा-तोटा सगळ्यांचा. आपल्या मंडळांत मात्र सात जणी ठरवतात आणि बाकीच्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. बैठक दुपारी तीनला. नोकरी करणाऱ्या सुनांनी यायचं तरी कधी? आणि मग आपणच म्हणायचं, "आजकालच्या मुलींना धर्माची आवडच नाही!"

श्वेतांबर बहिणींच्या कल्पसूत्रात भगवान महावीरांच्या संघाची गणती दिली आहे. साधू १४,०००, साध्वी ३६,०००, श्रावक १,५९,००० आणि श्राविका ३,१८,०००. श्रावकांच्या दुप्पट श्राविका! या साध्वींची प्रमुख कोण? चंदनबाला, जी बाजारात विकली गेली होती. आजच्या आपल्या बैठकीत तशी मुलगी आली असती, तर आधीची पंधरा मिनिटं आपण कशावर बोललो असतो, याचा मी विचार करते आणि गप्प होते.

तरी एक प्रश्न मला सुटत नाही. बायका टिकाव्यात असं आपल्याला वाटतं, ते त्यांच्यासाठी की आपल्या आकड्यासाठी? ११४ चे १५० झाले तर अहवालात छान दिसतं, शेजारच्या मंडळापुढे मान ताठ होते. मग ती नावंसुद्धा परिग्रहच की! सोन्याच्या बांगड्या मोजाव्यात तशी आपण माणसं मोजतो. कुणाला मंडळ खरंच नको असेल, घरी सामायिक करण्यात शांती मिळत असेल, तर तिला जाऊ द्यावं. जाणारीवर रुसू नये, दार मात्र लोटून घेऊ नये. आग्रहानं धरून ठेवणं वेगळं आणि चौकशी करणं वेगळं. पहिल्यात माझी गरज असते, दुसऱ्यात तिची.

त्या सभेनंतर पर्युषण आलं. क्षमावणीच्या दिवशी सगळ्यांना फोनवर एकच निरोप धाडायची आता पद्धत आहे, मीही धाडत असे. या वेळी चप्पल घातली आणि काकूंच्या घरी गेले. दार मुलीनंच उघडलं. ती आता शाळेत शिकवते. काकू थकल्या होत्या. मी हात जोडून म्हटलं, "काकू, उत्तम क्षमा. तुमचं नाव मी खोडलं, आणि त्याआधी तुमच्याबद्दल बोलणं चाललं तेव्हा मी गप्प बसले." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वर्गणी मागायला आलीस वाटलं मला."

मी मान हलवली. त्यांनी मुलीला चहा टाकायला सांगितलं. निघताना म्हणाल्या, "मंडळात काही मी येणार नाही हं. तू येत जा."

मी जाते. महिन्यातून दोनदा, कधी एकटी, कधी आणखी कुणाला घेऊन. रजिस्टर नेत नाही. मंडळाची बैठक आता एका रविवारी सकाळी होते, आणि ती सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं आम्ही एवढंच विचारतो की मागच्या वेळी कोण आलं नव्हतं आणि तिच्या घरी कोण जाणार. नावं अजून ११४ झालेली नाहीत, शंभराच्याही खालीच आहेत. काकूंचं नाव मी पुन्हा लिहिलेलं नाही, कारण त्यांनी ते मागितलेलं नाही. ती लाल रेघ मात्र वही उघडली की दिसते. दिसत राहावी असंच मला वाटतं.