पारवा आणि पाळणा

वयाच्या ५८ व्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, तेव्हा जो तो म्हणे, ‘‘गुरुजी, आता तं मोकळेच झाले तुम्ही! देवाधर्माचं करा आता.’’ त्याला नऊ वर्षं झाली. मोकळा दिवस कसा असतो ते अजून पाहायचंच आहे. अमरावतीत मुलगा-सून दोघंही नोकरीवर, म्हणून नातवाचा डबा, शाळा, पाढे आमच्याकडे. मुलगी अकोल्याला, तिची धाकटी आजारी पडली की आमच्यापैकी एकानं बडनेऱ्याहून गाडी धरायची. दिवाळीत नि उन्हाळ्यात पुण्या-नागपूरची मंडळी येतात. गाद्या घाला, कूलरमध्ये पाणी भरा, एखाद दिवस रोडग्यांचा बेत करा. दत्तजयंतीच्या आधीचं गुरुचरित्राचं सप्ताह-पारायण काही तीन वर्षांत जमलेलं नाही.

देवळात आरतीनंतर हीच गोष्ट निघते. ‘‘संसार सुटतच नाही बाप्पा’’ असं कुणी हसत म्हणतं, कुणी डोळे पुसत. म्हणून हा प्रश्न एकदा नीट विचारावासा वाटला : उतारवयात नातवंडांत आणि पाहुण्यांत गुंतणं ही सेवा, की मोह?

शास्त्राचं म्हणणं कडक आहे. मनुस्मृती सांगते की, अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि मुलाचं मूल दृष्टीस पडलं, म्हणजे गृहस्थानं वनाची वाट धरावी. गंमत पाहा, नातवाचं तोंड ही त्या काळी घर सोडायची खूण होती. आज तीच घरात नव्यानं अडकायची खूण झाली आहे.

आपल्या दत्तसंप्रदायात तर इशारा आणखी स्पष्ट आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांतला एक पारवा. पारवा-पारवी पिलांच्या मायेत दंग. पिलं पारध्याच्या जाळ्यात सापडली, आईनं त्यांच्यामागे उडी घेतली, आणि सगळं डोळ्यांनी दिसत असूनही पारवा त्याच जाळ्यात जाऊन पडला. हे वाचलं की आपल्यासारख्या आजोबाच्या काळजात धस्स होतं.

पण दत्तप्रभूंचा जन्म कुठं झाला, तेही आठवावं. तो वनात एकट्या बसलेल्या तपस्व्याच्या गुहेत झाला नाही. अत्रि-अनसूयेच्या घरी झाला. दारी तीन पाहुणे आले, त्यांनी अवघड मागणं मागितलं. माउलीनं त्यांना विन्मुख पाठवलं नाही. त्यांची बाळं केली, पाजलं, पाळण्यात निजवलं. म्हणजे पाहुण्याचं ताट आणि लेकराचा पाळणा, ह्या दोन कामांतूनच आपलं दैवत घरात आलं.

मग पारवा खरा की पाळणा? मला वाटतं, दोन्ही खरे. फरक प्रेमात नाही, सोडण्यात आहे. कीर्तनात सांगतात की, तिघींनी येऊन आपापले पती मागितले तेव्हा अनसूयेनं ते परत दिले. पारव्याला हेच जमलं नाही. दत्त म्हणजे दिलेला. जे दिलेलं आहे ते मांडीवर घ्यावं, पण आपल्या मालकीचं समजू नये.

कारंजा तर आपल्या वऱ्हाडातलंच, पूर्वीच्या अकोला जिल्ह्यातलं. श्रीनृसिंहसरस्वतींचं ते जन्मस्थान. गुरुचरित्रात आहे की, बाळ संन्यासाला निघालं तेव्हा आई कळवळली; तिला आणखी मुलं होईपर्यंत ते थांबले. घराचं मागणं त्यांनी तुच्छ मानलं नाही. पण वेळ आल्यावर निघाले, आणि आईनंही जाऊ दिलं.

ह्यावरून मी स्वतःसाठी तीन खुणा ठरवल्या आहेत. पहिली : सुट्टी संपून लेकरं गेली की घर ओकंबोकं वाटणारच, पण रोज फोन करून त्यांच्या आईबापांना टोचायचं नाही. नातवाला कोणत्या शाळेत घालायचं, हा निर्णय त्यांचा. दुसरी : कुणाला किती वेळा जेवू घातलं आणि त्यांनी आपल्याला किती वेळा बोलावलं, हा हिशेब ठेवायचा नाही. अनसूया म्हणजे जिच्या मनात असूया नाही ती. तिसरी, आणि ही अवघड : झेपत नसेल तेव्हा गोड शब्दांत ‘नाही’ म्हणायचं. नोकरी करणारा निवृत्त होतो, पण घरच्या लक्ष्मीचं स्वयंपाकघर निवृत्त होत नाही. तिचे गुडघे दुखत असताना माझ्या आतिथ्याचं पुण्य तिच्या खात्यातून काढायचं, हा कुठला धर्म? अशा वेळी पाहुण्यांना पोळ्या विकत आणून वाढाव्यात. देव रागावणार नाही. मुलांनी गृहीत धरलं म्हणून मनात चरफडत केलेलं काम सेवा नव्हे, ती वेठ आहे. आणि वेठीनं वाढलेलं अन्न लेकरालाही कळतं.

राहिलं पारायण. सात दिवसांचे नियम पाळता येत नसतील तर नियम मोडून ओढाताण करण्यापेक्षा रोज एक अध्याय वाचावा. बावन्न अध्याय, बावन्न दिवस. नातू शाळेत गेला की घर दोन घटका शांत असतं. मी तोच वेळ धरला आहे. कधी सुट्टीच्या दिवशी तो मांडीवर येऊन बसतो, पोथीतली गाय दाखव म्हणतो. दाखवतो आणि पुढची ओवी वाचतो.

पाळणा हलवावा, दोरी मात्र हाताला गुंडाळून घेऊ नये. एवढं ह्या दत्तजयंतीला महाराजांकडे मागू या.

श्रीगुरुदेव दत्त!