नित्याचें होमार्पण आणि सणांचीं अर्पणें

शास्त्रपाठ : गणना, अध्याय २८ व २९, इब्री १०:१-१८.



गणना या पुस्तकाचे हे दोन अध्याय आपल्यापैकीं पुष्कळजण भराभर उलटून पुढें जातात. इतके गोऱ्हे, इतके मेंढे, इतकें सपीठ, इतकें तेल, अशी ही यादी एखाद्या कोठाराच्या हिशेबासारखी दिसते. परंतु हा हिशेब केव्हां दिला तें पाहा. इस्राएल लोक मवाबाच्या मैदानांत तळ देऊन होते आणि वचनदत्त देशांत शिरण्याची वेळ जवळ आली होती. तेथें शेतें, द्राक्षमळे व घरें मिळणार होतीं. त्या भरभराटींत देवाचा विसर पडूं नये म्हणून दिवस, आठवडा, महिना व वर्ष या चारही मापांवर त्यानें आपली खूण ठेविली.

ती व्यवस्था अशी होती. दररोज एक वर्षाचीं दोन निर्दोष कोकरें अर्पावयाचीं. एक सकाळीं व एक सायंकाळीं. प्रत्येकाबरोबर पाव हिन तेलांत मळलेलें एक दशमांश एफा सपीठ आणि पेयार्पण. शब्बाथ दिवशीं आणखी दोन कोकरें. महिन्याच्या प्रतिपदेस, बेखमीर भाकरीच्या सणाच्या सातही दिवशीं आणि सप्ताहांच्या सणीं दोन गोऱ्हे, एक मेंढा, सात कोकरें व पापार्पणासाठीं एक बकरा. सातव्या महिन्यांत कर्णे वाजविण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस व मंडपांचा सण. मंडपांच्या सणांत पहिल्या दिवशीं १३ गोऱ्हे, दुसऱ्या दिवशीं १२, असे रोज एकेक कमी होत सातव्या दिवशीं ७. मिळून ७० गोऱ्हे, १४ मेंढे व ९८ कोकरें.

आतां या सर्व यादींत एक सूचना पुनःपुन्हां येते. जवळजवळ प्रत्येक सणाचा हिशेब संपतांना मोशे बजावतो कीं, हें सर्व नित्याच्या होमार्पणाखेरीज आहे. सणाचें अर्पण नित्याच्या अर्पणाच्या जागीं चालत नसे. ज्या दिवशीं वेदीवर १३ गोऱ्हे चढत, त्या दिवशींही सकाळचें तें एक कोकरूं चुकत नसे. आणि ज्या दिवशीं सण नसे, यात्रेकरूंची गर्दी नसे, थंडीपावसानें अंगण रितें असे, त्या दिवशींही तें चुकत नसे. वर्षाला अशीं सातशेंहून अधिक कोकरें.

या नित्याच्या घटकेची पकड भक्तांच्या मनावर किती होती तें शास्त्रांत दिसतें. कर्मेल डोंगरावर एलीयानें प्रार्थना केली ती संध्याकाळच्या अर्पणाच्या वेळीं. दानीएल बाबेलांत होता. मंदिर जळून गेलें होतें, वेदी नव्हती. तरी त्याला प्रार्थनेचें उत्तर मिळालें त्या घटकेची नोंद तो संध्याकाळच्या अर्पणाची वेळ म्हणूनच करितो. इ. स. पूर्वी १६७ मध्यें अंतियोख एपिफनेस राजानें हें अर्पण बंद पाडिलें, तेव्हां भाविक यहूद्यांनीं प्राण दिले, इ. स. पूर्वी १६४ मध्यें मंदिर शुद्ध करून तें पुन्हां सुरू झालें. शेवटीं इ. स. ७० मध्यें रोमी सैन्यानें यरुशलेमेस वेढा दिला असतां तें बंद पडलें आणि त्याच वर्षीं मंदिरही जळालें.

मग हीं सर्व अर्पणें व्यर्थ गेलीं काय? नाहीं. इब्री लोकांस लिहिलेलें पत्र सांगतें कीं, ती छाया होती. ज्या शेतकऱ्याचें खातें सावकाराच्या वहींत दर सुगीला नव्यानें उघडतें, त्याचें कर्ज फिटलेलें नसतें. तसेंच दरवर्षीं पुन्हां यावें लागणारें पापार्पण स्वतःच साक्ष देई कीं, पाप अजून फिटलें नाहीं. ख्रिस्तानें एकदांच स्वतःस अर्पिलें आणि वही मिटली. मार्क सांगतो कीं, वधस्तंभावर त्यानें मोठ्यानें आरोळी मारिली ती नवव्या तासास; आणि योसेफस हा यहूदी इतिहासकार लिहितो कीं, मंदिरांत दिवसाचें दुसरें अर्पण होई तेंही सुमारें नवव्या तासास. सण तर वल्हांडणाचा होता. नित्याचें कोकरूं व सणाचें कोकरूं या दोहोंचा अर्थ त्या एका देहांत पूर्ण झाला.

येथें आणखी एक गोष्ट मनांत धरा. होमार्पणाचें मांस कोणी खात नसे. तें सर्वच्या सर्व देवाचें असे. आपल्या प्रभूचें जीवन असेंच होतें. कालवरी हा त्याचा सणाचा दिवस; परंतु त्यापूर्वीं सुमारें तीस वर्षें नासरेथांत तो आईबापांच्या आज्ञेंत राहिला, हातानें कष्ट केले, आणि जग त्याला ओळखत नव्हतें. तीं वर्षें म्हणजे त्याचें नित्याचें होमार्पण होय.

बंधूंनो, आपली अडचण येथेंच आहे. नाताळास उपासनामंदिरांत पाय ठेवावयास जागा नसते. पेरणीच्या दिवसांत मात्र चार वृद्ध माणसें बसलेलीं असतात. हा दोष मी केवळ तुमच्या पदरीं टाकीत नाहीं. एका वर्षीं नाताळच्या तयारींत मी इतका गढून गेलों कीं, सात दिवस माझ्या घरीं कौटुंबिक प्रार्थना झाली नाहीं. आठव्या रात्रीं धाकट्या मुलानें विचारिलें, "बाबा, आज तरी प्रार्थना आहे का?" मी म्हणालों, "नाताळ होऊं दे, मग करूं." हे शब्द तोंडांतून निघाले मात्र, आणि मला हे दोन अध्याय आठवले. मी सणाचें अर्पण नित्याच्या जागीं ठेवूं पाहत होतों. त्या रात्रीं कागद बाजूस सारून आम्ही सर्वजण गुडघे टेकून बसलों.

कोकरांचें काम संपलें. सकाळ व सायंकाळ संपलेली नाहीं. पाप फेडावयास आपणांस कांहीं आणावयाचें नाहीं, तें फिटलें आहे. परंतु ज्याचें कर्ज फिटलें त्यानें आपलें शरीर जिवंत यज्ञ म्हणून द्यावें, असें पौल विनवितो; आणि इब्री पत्राचा शेवटचा अध्याय स्तुती, परोपकार व दानधर्म यांस देवाला आवडणारे यज्ञ म्हणतो. म्हणून पहांटे कामास जाण्यापूर्वीं एक स्तोत्र वाचा. दिवे लागल्यावर मुलांबाळांसह प्रार्थना करा. मजुराची मजुरी त्याच दिवशीं द्या. बांधावरून ज्या भावाशीं अबोला धरिला आहे, त्याच्या दारीं जा. मलाखीच्या काळीं लोक लंगडें व आजारी जनावर वेदीवर आणीत. आपणही झोपेनें जड झालेली दिवसाची शेवटची घटका देवाला देऊं नये.

असें केलें म्हणजे नाताळ येईल तेव्हां तो उसना आनंद वाटणार नाहीं. वर्षभर जळत राहिलेल्या अग्नीवरच सणाचें अर्पण चढविलें जातें. ज्यानें आपणांसाठीं स्वतःस अर्पिलें, तो प्रभु येशू हा अग्नी आपल्या घराघरांत पेटता ठेवो. आमेन.