बचत कोणाच्या जिवावर?



घरखर्चातील काटकसर हा विषय चूल आणि दिवा यांपुरताच आहे, त्यात नीतीचा गहन प्रश्न तो कोणता, असे कित्येकांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. मनुष्य खरोखर काय मानतो, हे त्याच्या बोलण्यावरून जितके कळते त्याहून अधिक तो आपले तेल, सरपण, पाणी व पैसा कसा खर्च करितो यावरून कळते. हल्ली शाळेत, ग्रामसभेत आणि हातातल्या मोबाईलवरही आपणांस असे सांगण्यात येते की, जे सृष्टीस हितकर तेच खिशासही हितकर. झाड वाचवा म्हणजे पैसा वाचेल, वीज वाचवा म्हणजे बिल उतरेल. हे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे. परंतु ते सर्वस्वी खरे आहे काय? आणि पैसा वाचला एवढ्यावरून ती गोष्ट चांगली ठरते काय? या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करू.

प्रथम आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मंडळीच्या सभेत आम्ही काटकसरीवर बोलत होतो. बोलता बोलता आमच्या घरचे उदाहरण दिले. आमच्या घरी गॅसची एक टाकी अडीच महिने पुरते, कारण सकाळच्या भाकरी पडवीतल्या चुलीवर होतात, सरपण शेताच्या बांधावरचे असते, त्यास पैसा पडत नाही, असे आम्ही मोठ्या समाधानाने सांगितले. लोकांनी माना डोलाविल्या. सभा संपल्यावर एक वृद्ध बाई जवळ आल्या व हळूच म्हणाल्या, "पाळकसाहेब, टाकीचा हिशेब सांगितलात. पाळकीणबाईंच्या खोकल्याचा तेवढा राहिला."

आम्ही निरुत्तर झालो. तो खोकला आम्ही दोन हिवाळे ऐकत होतो आणि हवा बदलली म्हणून तो येतो असे म्हणत होतो. त्या दिवशी घरी येऊन पडवीत उभे राहिलो. छपराच्या आतल्या बाजूस बोटभर काजळी धरली होती. ती आमच्या डोळ्यांस त्यापूर्वी दिसली नव्हती, कारण त्या वेळी आम्ही पडवीत कधी बसत नसू. बचत आम्ही सांगत होतो आणि तिची किंमत दुसरेच माणूस भरीत होते. आमच्या पत्नीने त्याबद्दल एक शब्दही काढला नव्हता, हे आठवून आम्हांस अधिकच लाज वाटली.

चुलीचा धूर ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. त्यातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोल जाऊन बसतात. त्यामुळे स्त्रियांस दम्यासारखे जुनाट विकार आणि लहान मुलांस न्यूमोनिया होण्याचे भय वाढते. घरातील अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गावोगाव शेगड्या पोहोचल्या, ही मोठी गोष्ट झाली. तथापि पुष्कळ घरांत टाकी भरणे परवडत नाही म्हणून ती पाहुण्यांपुरती राहते आणि रोजचा स्वयंपाक पुन्हा चुलीवर जातो. अशा घरास कोणी "तुम्ही सृष्टीचा विचार करीत नाही" असे म्हणेल तर तो अन्याय होय. परंतु जेथे टाकी घेण्याची ऐपत आहे तेथे केवळ दोन पैसे राखण्यासाठी घरच्या बाईने धूर गिळावा, यास काटकसर म्हणता येत नाही. तो खर्चच आहे; फक्त तो वहीत न मांडता तिच्या छातीत मांडला जातो.

यावरून आम्ही एक नियम मनाशी धरिला आहे, तो असा: एखाद्या उपायाने किती वाचले हे विचारण्यापूर्वी, जे वाचले ते कोणी भरले, हे विचारावे. ज्यात कोणासच भरावे लागत नाही ती खरी बचत. ज्यात आपला भार उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेविला जातो ती बचत नव्हे.

या नियमाने काही नेहमीच्या गोष्टी तपासून पाहू.

प्रथम दिवा घ्या. जुना ६० वॉटचा दिवा रोज ५ तास लाविला तर महिन्यास ९ युनिट वीज जाते. तितकाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा तेवढाच वेळ लाविला तर दीड युनिटही जात नाही. एका दिव्यामागे वर्षास सुमारे ९३ युनिट वाचतात. आता हे कोणाच्या जिवावर? कोणाच्याही नाही. उलट दुसऱ्याचा भार हलका होतो. आपल्या राज्यातील पुष्कळशी वीज कोळसा जाळून होते आणि एका युनिटामागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा लागतो. त्याची राख चंद्रपूर, कोराडी येथील माणसांच्या अंगणात पडते. शिवाय वीज पाणीही पिते. २०१५ साली दुष्काळात परळीचे वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, हे मराठवाड्यातील वाचक विसरले नसतील. आपल्या ओसरीवरील एक दिवा बदलला तर दूरच्या खाणीचा आणि जवळच्या धरणाचाही भार तेवढ्यापुरता हलका होतो. ही बचत खरी होय.

परंतु येथेही एक फसवणूक आहे. १८६५ साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाविषयी एक ग्रंथ लिहिला. यंत्रे थोड्या कोळशात चालू लागली म्हणजे कोळसा शिल्लक पडतो असे नव्हे. उलट ती स्वस्त पडतात म्हणून जास्त चालविली जातात आणि कोळसा पूर्वीपेक्षाही अधिक जळतो, असे त्याने त्यात प्रतिपादिले. आपल्या गावात हेच पाहा. दिवा स्वस्त झाला म्हणून कोणी गोठ्यात एक, दारात एक, मागे एक आणि ओट्यावर एक असे चार दिवे लावितो आणि ते सांजेपासून पहाटेपर्यंत १२ तास जळत राहतात. त्या चार लहान दिव्यांची वीज जुन्या एका दिव्याच्या पाच तासांच्या विजेहून जास्त भरते. दिवा सुधारला, पण मनुष्य सुधारला नाही. यास्तव बचत ही वस्तूत नसते. "इतके पुरे" असे म्हणता येणाऱ्या मनात असते.

आता शेण व सरपण. ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत त्यांस रोज ५० किलोच्या आसपास शेण मिळते. तेवढ्यावर दोन घनमीटरचा गोबरगॅस चालतो आणि लहान कुटुंबाचा स्वयंपाक बहुधा निघतो. शेणाच्या गोवऱ्या थापून जाळल्या तर शेतीचे खत जळून जाते व धूरही होतो. गोबरगॅसमध्ये तेच शेण आधी जाळ देते आणि मग मळी होऊन शेतात जाते. येथे कोणी भरले? कोणीच नाही. अर्थात आरंभी खर्च आहे, रोज शेण कालविण्याचे श्रम आहेत. ते श्रम घरातील एकाच स्त्रीवर न टाकिता वाटून घ्यावेत, एवढेच आमचे सांगणे.

ज्यांस जनावरे नाहीत त्यांसही उपाय आहेत. डाळ व कडधान्य आदल्या रात्री भिजत घालावे. भांड्यावर झाकण ठेवावे. उकळी फुटल्यावर आच मंद करावी. खोक्यात कोरडे गवत किंवा जुनी गोधडी दाबून भरावी आणि उकळी आलेले भाताचे पातेले झाकणासह त्यात पुरून ठेवावे, म्हणजे उरलेला भात आपल्याच उष्णतेने शिजतो. यास पैसा पडत नाही. परंतु चूल पेटविण्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या जाळण्याची जी सवय पडली आहे ती मात्र टाकावी. रॉकेलचे चार थेंब वाचतात आणि त्या बदल्यात विषारी धूर सबंध घर घेते.

पाण्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या प्रांतात पाणी आगगाडीत बसून येते त्या प्रांतात भांडी घासलेले पाणी रस्त्यावर सोडणे शोभत नाही. ते गाळून केळ, अळू, शेवगा यांच्या मुळाशी सोडावे. राहिलेल्यास शोषखड्डा करावा. भाजी मिळते, डास हटतात आणि शेजाऱ्याच्या दारात चिखल होत नाही. हा शेवटचा लाभ आपल्या वहीत दिसत नाही, पण शेजाऱ्याच्या वहीत दिसतो.

एक गोष्ट मंडळीच्या प्रीतिभोजनासंबंधाने. थर्माकोलची ताटे स्वस्त, धुण्याचे कष्ट नाहीत, म्हणून ती आणीत असत. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने त्यांवर बंदी घातली. तरी अजून कोठे कोठे ती दिसतात. जेवण झाल्यावर ती गावाबाहेर टाकावयाची, वाऱ्याने नाल्यात जावयाची, आणि उष्ट्याच्या वासाने गाईने प्लॅस्टिक गिळावयाचे. आपले दोन रुपये वाचले, ते गाईने आणि तिच्या धन्याने भरले. पळसाच्या पत्रावळी घ्याव्यात, किंवा वर्गणी करून स्टीलची ताटे एकदाच घ्यावीत व ती पुरुषांनीही घासावीत.

हा विचार आमचा नवा नाही. जे. सी. कुमारप्पा हे तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात १८९२ साली जन्मले. ते शिक्षणाने हिशेबतपासनीस होते व मुंबईत त्यांचा व्यवसाय होता. तो सोडून ते महात्मा गांधींच्या कार्यात शिरले आणि १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी वर्ध्यास मगनवाडीत पुष्कळ वर्षे चालविले. 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हा त्यांचा ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. कोळसा, तेल यांसारखे साठे उपसले की कमी होतात, आणि वन, वाहते पाणी, जनावरांचे बळ ही सांभाळून वापरली तर पुन्हा भरत राहतात, हा भेद त्यांनी लोकांपुढे मांडिला. वस्तू विकत घेणाऱ्याने नुसती किंमत न पाहता ती कोणत्या परिस्थितीत तयार झाली याचीही जबाबदारी ओळखावी, असा त्यांचा आग्रह असे. जमाखर्च पाहणाऱ्या माणसास हे सुचावे, यात आम्हांस नवल वाटत नाही. ज्यास हिशेब नीट येतो त्यास कोणते कलम वगळले आहे हेही दिसते.

कोणी म्हणेल, "ही शिकवण श्रीमंतांस द्या; आमच्याजवळ उधळावयास आहे काय?" हा आक्षेप रास्त आहे. ज्या घरात एक दिवा, एक हंडा आणि दोन पातेली आहेत त्यास कमी वापरा असे सांगणे ही थट्टा होय. शुभवर्तमानातील पाच भाकरींची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. तेथे उरलेले तुकडे गोळा करून बारा टोपल्या भरल्या, परंतु केव्हा? सर्व लोक पोटभर जेवून तृप्त झाल्यावर. आधी टोपल्या भरून मग लोकांस जेवू घातले नाही. हा क्रम आमच्या ध्यानात फार उशिरा आला. काटकसरीने कोणाच्या तोंडचा घास, कोणाचा श्वास काढून घ्यावयाचा नसतो. सर्वांस पुरल्यावर जे उरते ते फुकट जाऊ द्यावयाचे नसते.

आणि पैसा वाचावा म्हणून हे केले तर त्यात पुण्य ते काय, असेही कोणी विचारील. आम्ही म्हणतो, गरिबाने मुलाच्या वह्यांसाठी बिल कमी केले तर त्यात हलकेपणा काहीच नाही. हेतू साधा असला म्हणून तो वाईट ठरत नाही. मात्र वाचलेला रुपया कोठे जातो, हे पाहावे. तो दुसऱ्या उधळपट्टीत गेला तर जेव्हन्सचे म्हणणे खरे झाले. तो आजाऱ्याच्या औषधास, मुलीच्या शिक्षणास, कर्ज फेडण्यास गेला, तर त्या बचतीस अर्थ आला.

आमच्या घरचे सांगून संपवितो. पडवीतल्या चुलीस आता धुराडे बसविले आहे. तीवर केवळ अंघोळीचे पाणी तापते आणि ते तापविण्याचे काम आमच्याकडे आहे. भाकरी शेगडीवर होतात. कडधान्य रात्री भिजते, भात गवताच्या खोक्यात शिजतो. इतके करूनही टाकी पूर्वीपेक्षा दहा-बारा दिवस आधी संपते. वहीत पाहिले तर आम्ही तोट्यात आहो. पण या हिवाळ्यात खोकला पुष्कळ उतरला आहे. धुरात बसून पाणी तापविताना आमचेच डोळे चुरचुरतात, तेव्हा त्या वृद्ध बाईंची आठवण होते.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, काटकसरीवर बोलण्यापूर्वी त्यांनी आपल्या घरच्या पडवीत एक सकाळ बसून पाहावे. आणि मग बोलावे.