उत्तर येईपर्यंत

'वाट पाहणे' हा आपल्या भाषेतला मोठा बोलका प्रयोग आहे. आपण माणसाची वाट पाहतो, म्हणजे तो ज्या वाटेने येणार त्या वाटेकडे डोळे लावून बसतो. त्यात थोडा दिलासाही असे. दूर धूळ उडालेली दिसे, बैलांच्या घुंगरांचा आवाज येई, वळणावर पोस्टमनची सायकल दिसे. आता उत्तर वाटेने येतच नाही. ते हातातल्या मोबाईलवर एकदम उमटते. मग पाहायचे कुठे, आणि दिवसातून किती वेळा?

हा प्रश्न माझ्या पुतणीने माझ्यापुढे उभा केला. गोंदियात एम. एस्सी. करून तिने अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांकडे संशोधनासाठी अर्ज पाठवले. अर्ज गेले ते डिसेंबरात, धानाची मळणी आटोपत आली होती तेव्हा. तिकडच्या पुष्कळ विद्यापीठांनी शिष्यवृत्तीसह दिलेला प्रवेश स्वीकारण्यासाठी 15 एप्रिलपर्यंतची मुदत ठरवली आहे. म्हणजे रानात मोहफुले गळून वेचून होईपर्यंत पोरीचा जीव टांगणीला. तिकडच्या कचेऱ्या उघडतात तेव्हा आपल्याकडे रात्र पडलेली असते. त्यामुळे तिची झोपच उडाली.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. वडीलधाऱ्यांनी गीता सांगितली : फळाची आशा धरू नकोस. शेजारच्या काकूंनी छातीठोकपणे सांगितले, "तुझं होणारच, बघ!" दोन्ही सल्ले प्रेमाचे होते, आणि दोन्हींनी तिची तगमग वाढली. ज्याला फळच नको, त्याने अर्ज तरी का करावा? इच्छा मारून टाकणे हा चिंतेवरचा उपाय खरा. पण डोके दुखते म्हणून डोकेच नको म्हणण्यासारखा तो आहे.

मग माझे लक्ष आमच्या भागातल्या धानकऱ्याकडे गेले. त्याच्याइतकी वाट कोण पाहतो? मृगात पऱ्हे टाकायचे आणि आभाळाकडे पाहायचे. आर्द्रा कोरडी गेली की रोवणी लांबते आणि वर्षाचे गणित चुकते. मुलीचा प्रवेश हुकला तर एक वर्ष जाईल. त्याचा पाऊस हुकला तर घरातले धान्य जाईल. काळजी त्याची मोठी. तरी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "पानी येल तवा येल जी, आपले धुरे त बांधून ठेवा लागतेत!"

त्याला चिंता नव्हती असे नाही. पण पाऊस आला नाही तर 'मी नालायक ठरलो' असे त्याच्या मनात येत नाही. आभाळ त्याची परीक्षा घेत नाही. विद्यार्थ्याच्या चिंतेत मात्र काळजीबरोबर लाज मिसळलेली असते. नकार आला तर जागा गेली एवढेच नव्हे, आपली किंमतच कोणीतरी ठरवून टाकली, असे त्याला वाटते. माझ्या मते खरा दाह या लाजेचा आहे. काळजी माणसाने खुशाल करावी. ज्याला काही हवे असते तो काळजी करणारच. पण आपले मोल ठरवण्याचा अधिकार आपण दूरच्या अनोळखी माणसांना देऊन बसतो, तो देण्याचे कारण नाही. त्यांना अर्जाचा निर्णय करायचा असतो. जागा मोजक्या असतात, पैसा मोजका असतो, एखाद्या प्राध्यापकाला त्या वर्षी विद्यार्थी घ्यायचाच नसतो. यातले कितीसे अर्ज करणाऱ्याविषयी असते?

1917 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे डॉ. आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाने दिली होती; पण परत जायला पैसा नव्हता. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तर राहायला जागा मिळेना. ही वाट पाहणे म्हणजे मुदतीकडे पाहत झुरणेच होऊ शकले असते. त्यांनी 1918 साली सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला घेतले, 1919 साली साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, जानेवारी 1920 मध्ये 'मूकनायक' काढले, आणि त्याच वर्षी ते लंडनला गेले. 1923 साली त्यांना डी. एस्सी. मिळाली. मधली वर्षे त्यांनी वाट पाहण्यात घालवली असे कोण म्हणेल?

आणि याच बाबासाहेबांना आमच्या भागाने नाकारले आहे. 1954 सालची भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक ते हरले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा 1999 साली झाला. त्या निकालाने त्यांचे मोल उणे झाले काय? नाकारणाऱ्यांचेच काही उणे राहिले असेल. नकार हा माणसावरचा अभिप्राय नसतो, हे निदान आम्हाला तरी बाहेरून कोणी शिकवायला नको.

आमच्या पूर्वजांनी पावसाची वाट पाहता पाहता तलाव बांधले. नवेगावबांधचा तलाव पाहिला की वाटते, चिंतेला हातपाय फुटले म्हणजे त्यातून असे काही उभे राहते. पाऊस ताब्यात नाही हे कोहळ्यांना पक्के ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी पाळ घातली. पुतणीला मी एवढेच सुचवले : दुसऱ्या वाटेचीही तयारी ठेव, इथल्या एका परीक्षेचा अभ्यास सुरू कर, आणि मोबाईल संध्याकाळी एकदाच बघ. झोप लगेच परतली असे नाही. पण तिच्या दिवसाला आकार आला.

जबाबदारी आपल्यावरही आहे. 'तुझं होणारच' हे वाक्य धीराचे वाटते, पण ते मुलाच्या डोक्यावर कर्ज होऊन बसते. नाहीच झाले तर त्याला आपल्याला तोंड दाखवायची चोरी होते. त्यापेक्षा 'झाले तरी तू आमची, न झाले तरी तू आमची' हे शब्दांनी न सांगता वागण्यातून कळू द्यावे. यंदाच्या फराळालाही घरोघरी अशी एखादी मुलगी, एखादा मुलगा कोपऱ्यात बसलेला असेल. "काय झालं गं तुझ्या ॲडमिशनचं?" असे चारचौघांत विचारण्याआधी क्षणभर थांबावे, आणि तिला आणखी एक चकली वाढावी.

पुतणीला शेवटी काय उत्तर आले ते मी मुद्दामच लिहीत नाही. ते कळले की वाचक माझे म्हणणे त्या उत्तरावरून खरे-खोटे ठरवू लागतील. आणि तीच तर खोड मोडायची आहे.